'मावशी' या हाकेमागची दीडशे वर्षं

पुण्यातल्या असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी मदतीसह राहायच्या जागेत, सकाळी साडेसहाला गेलात तर एकच हाक कानावर येते, "मावशी!" कुणाला पाणी हवं असतं, कुणाला बाथरूमला जायचं असतं, कुणाला कोणीतरी जवळ आहे एवढीच खात्री हवी असते. सरकारी कागदावर ही बाई 'काळजीवाहक' असते, कामाला बायका पुरवणाऱ्या ब्युरोच्या रजिस्टरात 'अटेंडंट'. हाक मात्र नात्याची. त्या नात्यात माया आहेच, पण त्याच नात्याच्या आडून एकीच्या अंगावर चौघींची कामं आली आहेत. ती कशी आली, हे बघायला बरंच मागे जावं लागतं.

पूर्वी घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की अंघोळ सून घालायची, पाय विधवा आत्या चेपायची, मात्रा उगाळून द्यायला वैद्य यायचे आणि रात्री उशाशी एखादा नातू झोपायचा. याला कुणी काम म्हणत नव्हतं. ज्यांना घरच नव्हतं त्यांच्यासाठी धर्मादाय संस्था होत्या. नव्या पेठेतलं आजचं 'निवारा' ही त्यातली फार जुनी जागा. डेव्हिड ससून यांच्या दानातून १८६०च्या दशकात ती अनाथ-पंगुगृह म्हणून उभी राहिली. कोलकात्यात १८८२ साली लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या फ्रान्समधल्या संघाच्या जोगिणींनी वृद्धांसाठी घर उघडलं. तिथे शुश्रूषा हे व्रत होतं, त्यामुळे पगाराचा प्रश्नच नव्हता.

पगार घेऊन शुश्रूषा करणारी शिकलेली मराठी बाई दिसू लागली ती त्यानंतर. पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या मुली, त्यातही विधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, हे काम जातीच्या उतरंडीत सगळ्यांत खाली ढकललेलं होतं. पांढरपेशा घरातल्या बाईने ते हाती घेणं किती अवघड गेलं असेल, याची आज कल्पना करणं कठीण आहे. पुढे १९४७ मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला. नर्सला अभ्यासक्रम मिळाला, नोंदणी मिळाली.

तिच्या हाताखालच्या आयाला यातलं काहीच मिळालं नाही. ('आया' हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला आणि तोही मुळात मुलं सांभाळणारीसाठी.) माझ्या मते आजच्या मावशीची गोष्ट इथेच अडली. सुई, सलाइन, चार्ट ही कामं नर्सची. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं ही आयाची. पहिल्या कामांची नोंद होत गेली, दुसरी 'वरची कामं' ठरली.

खरं तर या वरच्या कामांवरच म्हातारपण कसं जाणार ते ठरतं. १९६३ मध्ये अमेरिकेत सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते हे मोजायला सहा गोष्टी धरल्या: अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण. आजही वृद्धांचं मूल्यमापन याच यादीवर चालतं, आणि ही यादी म्हणजे आयाचा दिवसभराचा कामाचा तक्ता आहे.

'असिस्टेड लिव्हिंग' ही कल्पना अमेरिकेत रुजली ती ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. केरन ब्राउन विल्सन यांच्या आईला पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघात झाला आणि पुढची वर्षं नर्सिंग होममध्ये गेली. आपल्या खोलीचं दार आपल्याला बंद करता यावं, कधी उठायचं आणि काय खायचं हे आपण ठरवावं, एवढंच त्या आईला हवं होतं. मुलीने तशी जागा उभारली. तिथे मदतनिसाने माणसाच्या घरात पाहुण्यासारखं यायचं होतं, वॉर्ड चालवायचा नव्हता.

महाराष्ट्रात वाट वेगळी होती. वृद्धाश्रमांना सरकारी अनुदान साठच्या दशकापासून होतं, १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली, २००७ च्या केंद्रीय कायद्याने जिल्ह्याजिल्ह्यात वृद्धाश्रमांची तरतूद केली. पण बहुतेक ठिकाणी अट एकच असायची: स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी ब्युरोची बारा किंवा चोवीस तासांची बाई. मुलं अमेरिकेत, पुण्यात आई-वडील दोघंच, ही घरं वाढली तशी अथश्रीसारखी ज्येष्ठांची संकुलं आली. तिथे चालत आलेली माणसं वर्षांनुवर्षं राहिली, थकली, व्हीलचेअरवर आली. मग त्यांच्यासाठी मदतीसह राहण्याची सोय निघाली आणि ब्युरोची बाई तिथे मावशी झाली.

माझी आई अशाच एका ठिकाणी शेवटची दोन वर्षं होती. तिला गिळताना ठसका लागायचा. मावशी पाठीला उशी लावून तिला ताठ बसवायची, हनुवटी जराशी खाली करायची आणि गुरगुट्या भाताचा अर्धाच चमचा खालून तोंडाशी न्यायची. मग नजर गळ्यावर. घोट उतरलेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. एकदा हे चालू असतानाच तिने पांघरूण सारून आईची टाच बघितली, लाल झाली होती. "सिस्टर, हिथं बघा, दाबलंय." दुपारी तिने टाचेखाली उशी सरकवली आणि आपल्या वहीत लिहिलं. मधेच अमेरिकेतून भावाचा फोन आला, तोही तिनेच आईच्या चेहऱ्यासमोर धरला. आई तिला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. ती "हां, ताई" म्हणून ओ द्यायची. भरवणारी, पहारेकरी, निरोप्या, बहीण, सगळं वीस मिनिटांत.

प्रशिक्षण आता आहे. राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेने वृद्धांच्या देखभालीचे अभ्यासक्रम २००० पासून चालवले, सरकारच्या कौशल्य विकासातही 'जनरल ड्यूटी असिस्टंट', म्हणजे रुग्णाच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम आला. पण मला भेटलेल्या मावश्यांपैकी बहुतेक जणी हे काम दुसऱ्या मावशीच्या हाताकडे बघून शिकलेल्या होत्या.

आई गेली तेव्हा आम्हाला फाइल मिळाली. त्यात बीपी, शुगर, औषधं, सगळं तारीखवार. मावशीची वही फाइलमध्ये नव्हती. मी ती मागून घेतली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "रात्री २ वा. डावी कूस. पाणी दोन चमचे. झोपली."