पडदी (न्हाणीघराची आखणी)

पडदी म्हणजे वरचा भार न पेलणारी, एका जागेचे दोन भाग करणारी पातळ भिंत. अपुऱ्या जागेत संडास आणि न्हाणीघर वेगळे करायचे झाले की पहिला विचार हिचाच होतो. ती कोठे घालायची, किती जाडीची, किती उंच, की घालायचीच नाही, यावर छोट्या घरातला रोजचा वावर सुखाचा होणार की अडचणीचा हे ठरते.

कोकणातल्या जुन्या घरात न्हाणी माजघरापासून दूर, परसदारी असे. सांडपाणी केळीला आणि अळूच्या वाफ्याला जाई. तिथे भिंतींचा प्रश्न फारसा नव्हता. तो मुंबईत आला. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सामायिक. मोरीला फूटभर उंचीचा कठडा, आंघोळीच्या वेळी दोरीवर साडी किंवा धोतर. पुढे बिऱ्हाडकरूंनी तोच कठडा हळूहळू वर नेला, दार बसवले, वर माळा टाकला, आणि मोरीचे बाथरूम झाले. ज्यांनी हे करून घेतले त्या बायकांना आडोशाने किती मोकळीक दिली, हे नकाशावर दिसत नाही. मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. झोपडपट्टी पुनर्वसनातली घरे आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांची. संडास-बाथरूम घरात आले खरे, पण त्यांना मिळणारा कोपरा लहानच राहिला. मराठीतली न्हाणी मात्र दूरवर पोचली: जमिनीवरचे पाणी खाली नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, आणि हा शब्द महाराष्ट्राबाहेरही तसाच चालतो.

पडदीचा पहिला हिशेब जाडीचा. चार फूट रुंद, आठ फूट लांब अशी जागा घेऊ. दोन्ही दारे लांबीच्या बाजूला, शेजारी शेजारी. बत्तीस चौरस फूट म्हणजे २.९७ चौरस मीटर. २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत स्वतंत्र न्हाणीघराला किमान १.८ चौ. मी., स्वतंत्र संडासाला १.१ चौ. मी. आणि दोन्ही एकत्र असल्यास २.८ चौ. मी. क्षेत्र दिले आहे. (कमी उत्पन्न गटाच्या घरांना यापेक्षा लहान मापे चालतात.) १.८ आणि १.१ मिळून २.९, म्हणजे कागदावर दोन्ही बसतात. पण नकाशावरच्या एका रेघेला प्रत्यक्षात अंग असते. साडेचार इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच गिलावा, त्यावर टाइल आणि तिचा माल आणखी अर्धा-अर्धा इंच: एकूण साडेसहा इंच. चार फूट रुंदीत दोन चौरस फुटांहून जास्त जागा भिंतीतच गेली आणि उरले २.७७ चौ. मी. तीन इंची सिपोरेक्स (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचा) ठोकळा घेतला तरी टाइलसह पाच इंच होतात आणि क्षेत्र थोडक्यात कमीच पडते. इंचभर जाडीची कडप्प्याची लादी उभी केली तर मात्र २.९४ उरतात. भिंतींना खाच मारून, दोन लाद्या शेजारी शेजारी उभ्या करून, मधला सांधा नीट भरला की ती वर्षानुवर्षे हलत नाही. गिलावा नको, टाइल नको. आवाज पलीकडे जातो, हा तिचा खरा दोष.

यावरून दोन्ही एकत्रच ठेवावे असे कोणी म्हणेल. दोघांच्या घराला ते ठीक. पण पाच-सहा माणसांच्या घरात, सकाळी साडेसात वाजता शाळा आणि लोकल एकाच वेळी गाठायची असताना, एक जण आत गेला की बाकीचे सगळे खोळंबतात. अशा घरात स्वयंपाकघरातून नाहीतर बोळातून अर्धा फूट घ्यावा, पण पडदी घालावी. बेसिन बाहेर काढले तर आणखी सुटसुटीत होते; दात घासायला कोणाला दार लावावे लागत नाही.

पडदीची जागा मात्र आपल्या मनाने ठरत नाही, ती पाणी ठरवते. मैल्याचा चार इंची पाइप इमारतीच्या डक्टमध्ये (पाइप खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीत) जिथे उतरतो, त्या बाजूलाच संडास हवा. कमोड त्यापासून जितका लांब, तितका पाइपला एकूण उतार जास्त लागतो आणि तो उतार बसवायला स्लॅब तेवढा खोल हवा. ज्या घरात बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला असतो तिथे थोडी हलवाहलव जमते. जिथे सोडलेला नाही तिथे जमीनच वर उचलावी लागते, दारात पायरी येते, आणि म्हातारी माणसे तिथेच अडखळतात. पडदीने एकाचे दोन भाग झाले की नहाणी ट्रॅपही दोन लागतात, आणि दोन्हीकडे उतार आपापल्या जाळीकडे काढावा लागतो. हे विसरून पडदी घातली की एका बाजूला पाणी कायमचे साचून राहते.

गळती टाळायची तर कोबा आणि वॉटरप्रूफिंग पडदीच्या पायाशी तुटता कामा नये. लेप दोन्ही अंगांनी फूटभर वर चढवावा. टाइल बसवण्याआधी जाळ्या बंद करून पाणी भरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचे छत पाहायचे. गिलाव्याला ओल आलेली दिसली तर ती आत्ताच दिसलेली बरी.

मिस्त्री कमोडचे माप भिंतीपासून घेतो, तेव्हा ते कच्च्या भिंतीपासून की टाइलच्या तोंडापासून, हे विचारून घ्यावे. नऊ इंची एस ट्रॅप (खाली जमिनीत उतरणारा कमोडचा निचरा, भिंतीपासून नऊ इंचांवर) कच्च्या भिंतीपासून मोजला आणि वर गिलावा-टाइल आली की इंच गेला. मग टाकी भिंतीला भिडते आणि कमोड तिरका बसवावा लागतो. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना सव्वा फूट आणि पुढे पावणेदोन ते दोन फूट मोकळे मिळाले तर गुडघे अडत नाहीत. पडदीत नळाच्या आडव्या खाचा मारू नयेत, अर्ध्या विटेची भिंत त्याने कमजोर होते. पंचवीस लिटरच्या गीझरमध्ये नुसते पाणीच पंचवीस किलो असते; तो मूळ भिंतीवरच टांगावा.

उजेड आणि हवा बहुधा एकाच बाजूने येते, त्यामुळे पडदीने एक भाग आंधळा होतो. पडदी सात फुटांवर थांबवून वरचा भाग मोकळा ठेवला तर दोन्हीकडे उजेड जातो. जिथे वर माळा आहे तिथे काचेची पट्टी आणि एक्झॉस्ट पंखा लागतोच. गॅस गीझर अशा बंद जागेत कधीही लावू नये. आधीच लहान असलेली जागा पडदीने आणखी लहान होते, ज्वलनाला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि आंघोळ करणारा काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. गॅस गीझर बाहेरच हवा.

दार बाहेर उघडणारे किंवा सरकते ठेवावे. आत उघडणाऱ्या दारामागे कोणी पडले तर ते दार बाहेरून ढकलता येत नाही.

वीट रचण्याआधी पडदी खडूने जमिनीवर आखावी, जाडीच्या दोन्ही रेघांसकट. मग त्या चौकोनात खरी बादली ठेवावी, आंघोळीचा पाट किंवा स्टूल ठेवावे, घरातल्या सर्वांत धिप्पाड माणसाला बसवून तांब्या डोक्यावर घ्यायला सांगावा आणि वाकून धुणे पिळायला सांगावे. साधारण तीन फूट बाय तीन फूट मोकळे असले की कोपर कोठे लागत नाही. लागले तर ओल्या फडक्याने खडूची रेघ पुसून चार बोटे सरकवता येते.