आम्ल ओळखण्याच्या खुणा: पार्श्वभूमी

शाळेच्या प्रयोगशाळेत निळा लिटमस कागद तांबडा झाला, की विद्यार्थी वहीत ‘द्रावण आम्लधर्मी आहे’ असे लिहून मोकळा होतो. पाण्यात विरघळल्यावर हायड्रोजन आयन देतो तो पदार्थ आम्ल, ही व्याख्या त्याने त्याआधीच पाठ केलेली असते. इतिहासात मात्र हा क्रम नेमका उलटा आहे. खूण आधी सापडली आणि ती कशाची खूण आहे हे समजायला त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे लागली. शिकवताना ही उलटापालट सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

सर्वांत जुनी खूण चवीची. संस्कृतातील ‘अम्ल’ म्हणजे आंबट आणि लॅटिनमधील ‘ॲसिडस’ या शब्दाचा अर्थही तोच. चिंच, ताक, शिर्का यांच्यापुरती जीभ पुरेशी होती. गंधकाम्ल किंवा नायट्रिक आम्ल चाखून पाहणे मात्र शक्यच नव्हते.

चवीची जागा रंगाला पद्धतशीरपणे देण्याचे श्रेय सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉईल यांच्याकडे जाते. रंगांविषयीच्या आपल्या १६६४ च्या ग्रंथात त्यांनी व्हायोलेट फुलांच्या सरबताचा प्रयोग नोंदवला आहे. औषध म्हणून मिळणारे हे सरबत पांढऱ्या कागदावर टाकायचे, म्हणजे रंगातला बदल स्पष्ट दिसतो. मग त्यावर शिर्क्याचे किंवा मिठापासून काढलेल्या आम्लाचे (म्हणजे आजच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे) दोन-तीन थेंब सोडले, की ते लगेच तांबडे होते आणि पोटॅशचे, म्हणजे लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या अल्कधर्मी क्षाराचे, द्रावण टाकले तर हिरवे. आपल्याकडच्या जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्कही असाच वागतो, कारण रंग पालटणारी अँथोसायनिन द्रव्ये दोन्हीकडे आहेत. बॉईल यांचे मोठेपण रंग बदलताना पाहण्यात नाही, ते तर रंगाऱ्यांनाही ठाऊक असणार. एकाच कसोटीवर पदार्थांचे वर्ग पाडता येतात, हे त्यांनी ओळखले.

लिटमस मिळतो तो रोसेला प्रजातीच्या शैवाकांपासून. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचे सहजीवन; आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूलही शैवाकच. हॉलंडमध्ये हे शैवाक वाटून, पोटॅश, चुना आणि अमोनियासाठी मूत्र घालून आठवडेच्या आठवडे आंबवत आणि तयार झालेल्या निळ्या लगद्यात खडू मिसळून वड्या पाडत. १७६७ मध्ये विल्यम लुईस यांनी अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशचा कस मोजण्यासाठी लिटमसने रंगवलेला कागद वापरला आणि अशा रीतीने रंगाची खूण अनुमापनाच्या, म्हणजे द्रावणातल्या पदार्थाचे प्रमाण मोजण्याच्या, कामी आली. हळदीचा कागदही युरोपातील प्रयोगशाळांत रुळला, पण तो अल्कासाठी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ ओळखण्यासाठी. सदऱ्यावरचा आमटीचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. म्हणजे हळद आम्ल दाखवते ती आधी अल्काने लाल झालेली असेल तरच.

द्रावण आम्लधर्मी आहे एवढे लिटमस सांगतो. आम्ल कोणते, हे सांगत नाही. त्यासाठी निराळ्या परीक्षा लागल्या. हायड्रोक्लोरिक आम्लात सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका बसतो व तो अमोनियात विरघळतो. गंधकाम्लात बेरियम क्लोराइडने येणारा पांढरा साका विरल आम्लातही विरघळत नाही. अठराव्या शतकात खनिज जलांच्या पृथक्करणातून अशा परीक्षांना शिस्त आली.

एवढे हाताशी असूनही ‘आम्ल कशामुळे?’ हा प्रश्न उभाच होता. फ्रेंच रसायनज्ञ लव्हाझिए यांना वाटले की प्राणवायूमुळे; म्हणूनच त्यांनी त्याला ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे ऑक्सिजन हे नाव दिले. १८१० मध्ये इंग्रज रसायनज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी मिठाच्या आम्लात फक्त हायड्रोजन व क्लोरीन असल्याचे प्रतिपादन केले आणि लव्हाझिए यांचा तर्क कोसळला. नाव मात्र राहिले. १८३८ मध्ये जर्मन रसायनज्ञ लीबिग यांनी आम्लातल्या धातूने विस्थापित होणाऱ्या हायड्रोजनकडे बोट दाखवले आणि १८८० च्या दशकात स्वीडिश शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांच्या आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) सिद्धांताने लिटमसच्या तांबड्या रंगाला अखेर अर्थ मिळाला.

मग प्रश्न उरला किती, याचा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये सामू (pH), म्हणजे आम्लता अंकात मोजण्याची संकल्पना मांडली. तिच्यात एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या संहतीत (द्रावणातल्या प्रमाणात) दहापट फरक. लिटमस साधारण ४.५ च्या खाली पुरता तांबडा होतो, त्यामुळे २ आणि ४ हे सामू त्याच्या लेखी सारखेच. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातील एका फळप्रक्रिया रसायनज्ञापुढे याहून मोठी अडचण आली: लिंबाच्या रसात टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फर डायऑक्साइडने लिटमसचा रंगच उडून जाई. तो आपला मित्र आर्नोल्ड बेकमन यांच्याकडे गेला. बेकमन यांनी काचेच्या इलेक्ट्रोडला निर्वात नळ्यांचा वर्धक जोडला आणि ज्या आंबट रसापुढे कागद हरला होता, त्याचा सामू तबकडीवरच्या काट्याने दाखवला.