पळताना वाक्य पूर्ण झालं पाहिजे

सहकारनगरच्या बाजूने तळजाईची टेकडी चढून वर आलं की मातीची वाट जरा सपाट होते. तिथून मी पळायला सुरुवात केली. वय ४४, वजन ६८ किलो, दिवसभर बसून काम. शाळेत लंगडी आणि खो-खो खेळले होते, त्यानंतर पळायचा प्रसंग फक्त बस सुटत असेल तेव्हा. पहिलं मिनिट छान गेलं, वाटलं, जमतंय की! दुसऱ्या मिनिटाला छाती भात्यासारखी हलायला लागली. तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत मी एका गिरिपुष्पाच्या झाडाला हात टेकून उभी होते.

खिशात ऑक्सिमीटर होता. २०२१ साली पुण्यातल्या घराघरांत आला, तसा आमच्याकडेही आला आणि ड्रॉवरमध्ये पडून राहिला होता. बोट घातलं. हात थरथरत होता, म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबले. ९७. जीव जातोय असं वाटत असताना रक्तातला ऑक्सिजन जागच्या जागी होता. या एका आकड्याने मला पुढचे कित्येक महिने वाचायला लावलं, आणि हा लेखही त्यातूनच आलेला आहे.

निरोगी माणसाला धाप लागते ती बहुतेक वेळा फुप्फुसं कमी पडल्यामुळे लागत नाही. श्वासाचं नियंत्रण करणारं केंद्र मेंदूच्या देठात असतं. ते मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि आम्लतेवर लक्ष ठेवतं, शिवाय काम करणाऱ्या स्नायूंकडून येणारे संदेशही ऐकतं. पळायला लागल्यावर पहिले दहाएक सेकंद स्नायू आपल्यातच साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर चालतात. मग ऑक्सिजनशिवाय साखर फोडून भागवतात. ऑक्सिजनवर चालणारी मुख्य यंत्रणा पूर्ण जोरात यायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि सवय नसलेल्या शरीरात तर आणखी जास्त. म्हणून पहिलं मिनिट फसवं असतं. आपण उधारीवर पळत असतो. तिसऱ्या मिनिटाला वसुली सुरू होते.

ही उधारी नीट मोजली ती ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने. स्नायूंवरच्या कामासाठी त्याला १९२२ सालचं नोबेल मिळालं. पाठीवर मोठी पिशवी बांधून तो स्वतः गोल गोल पळायचा, आणि उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत गोळा करून तपासायचा. वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर शरीर वापरत असलेला ऑक्सिजन वाढायचा थांबतो, हे त्याला दिसलं. ती आपली कमाल मर्यादा.

आता माझ्यासारखीचा हिशेब बघा. ताशी ७ किलोमीटर हा तसा रांगता वेग, चालणं सोडून पळावंसं वाटायला लागतं तो साधारण इथेच. एवढ्या वेगाने पळायलाही दर किलो वजनामागे मिनिटाला जवळपास २७ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. बैठं काम करणाऱ्या, व्यायाम नसलेल्या चाळिशीतल्या बाईची कमाल मर्यादाच बऱ्याचदा २५ ते ३० मिलिलिटरच्या आसपास असते. म्हणजे सगळ्यात हळू पळणंसुद्धा तिच्यासाठी जवळजवळ सर्वस्व पणाला लावणं असतं. "माझ्यात चिकाटीच नाही" असं म्हणत पहिल्याच आठवड्यात बूट कोपऱ्यात टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हा हिशेब कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं.

टेकडीवर रोज भेटणाऱ्या एका सत्तरीच्या काकांनी मला यातून वाट दाखवली. म्हणाले, "ताई, पळताना माझ्याशी बोला. वाक्य मधेच तुटलं तर चालायला लागा. पुरं झालं तर पळत राहा." मला वाटलं, धीर देतायत. नंतर कळलं की ही कसोटी व्यायामशास्त्रातही वापरतात. पूर्ण वाक्य बोलता येतं तोवर ऑक्सिजनची यंत्रणा कामाला पुरी पडत असते. वाक्याचे तुकडे पडायला लागले की स्नायूंत आम्लता साचायला लागली, आणि तिची भरपाई करायला श्वास वाढला असं समजायचं. घड्याळात नाडी मोजूनही हे करता येतं, पण २२० वजा वय हे सूत्र दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. वाक्य सहसा चुकत नाही.

मग एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस-पंचवीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा, एक दिवसाआड.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी, विशेषतः बायकांना. ऑक्सिमीटरचा तो ९७ आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के ऑक्सिजनने भरलंय, एवढंच ते यंत्र दाखवतं. मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते त्याला कळत नाही. चार बसगाड्या ९७ टक्के भरलेल्या असोत की दहा, त्याला सारखंच. तीन आठवडे झाले तरी एका मिनिटाच्या वर माझी गाडी सरकेना, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं १०० मिलिलिटर रक्तात ९.८ ग्रॅम. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं, म्हणजे माझ्या १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम १३ मिलिलिटर ऑक्सिजन मावत होता. १३.५ हिमोग्लोबिन असलेल्या मैत्रिणीच्या रक्तात १८. आम्ही दोघी शेजारी शेजारी पळत होतो, आणि मी स्वतःला आळशी समजत होते. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला होता. पळायला सुरुवात करण्याआधी बूट घ्यायला जातो, तसं एकदा रक्तही तपासून घ्यावं. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि त्यांच्यावर लगेच चहा पिऊ नये, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

गोळ्या चालू झाल्या, पळणं चालू राहिलं, आणि शरीर बदलायला लागलं. सगळ्यात आधी बदलतं रक्त. नियमित व्यायामाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच त्यातला द्रवभाग वाढतो, हृदयात जास्त रक्त भरतं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त बाहेर पडतं. तेच काम कमी ठोक्यांत होतं. सकाळी उठल्या उठल्या मी नाडी मोजायची. पहिल्या आठवड्यात ८२ होती, दोन महिन्यांनी ७३ वर आली. अर्थात त्यात सुधारलेल्या हिमोग्लोबिनचाही वाटा होता.

त्यापाठोपाठ स्नायू. पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी काढल्या आहेत, त्या शेंगेसारख्या आकृत्या. १९६७ साली जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या पायांच्या स्नायूंतली ऑक्सिजन वापरायची ताकद जवळपास दुप्पट झाल्याचं दाखवलं. माणसातही हेच होतं, आणि मोठ्या वयातही होतं. याचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेतल्या डॅलसचा आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा ऑक्सिजन वापरायची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती तेव्हाच्या तीन आठवड्यांत घटली होती असं दिसलं. मग पन्नाशीच्या त्या माणसांना हळूहळू वाढवत सहा महिने चालवलं, पळवलं, सायकलवर बसवलं. विशीत प्रयोग सुरू होण्याआधी होती तिथवर त्यांची क्षमता परत आली. माणसं पाचच होती, त्यामुळे मी यातून सगळ्या जगाविषयी निष्कर्ष काढणार नाही. पण पाच तर पाच!

पुणेकरांसाठी स्नायूंचा मुद्दा आणखी जवळचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचं तुलनाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंची-वजनाचं गुणोत्तर (बीएमआय) दोघांचं अगदी सारखं, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचं प्रमाण जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्याकडची ठेवण आणि तिचा मधुमेहाशी असलेला संबंध याज्ञिकांनी पुण्यात राहून वर्षानुवर्षं अभ्यासला. रक्तातली साखर शोषून घेणारं शरीरातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. एरवी साखरेसाठी त्यांचं दार इन्सुलिन उघडतं, पण स्नायू आकुंचन पावत असतो तेव्हा ते इन्सुलिनशिवायही उघडतं. म्हणून "मी काही जाड नाही, मला कशाला पळायला हवं" हे वाक्य आपल्याकडे तपासून घ्यायला हवं. मधुमेह, रक्तदाब, घरात कमी वयातला हृदयविकार किंवा चालताना छातीत दुखणं, यातलं काही असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग टेकडी.

आता पायांकडे. पहिल्या दिवसांत मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात. मराठीत आपण म्हणतो, "अंग आंबलं". शब्द इतका चपखल, की लॅक्टिक आम्ल साचून दुखतं ही समजूत आपल्या भाषेतच बसलेली वाटते. प्रत्यक्षात पळताना तयार झालेलं लॅक्टेट तासाभरात निवळतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. एक-दोन दिवसांनी येणारं दुखणं असतं ते स्नायूतंतूंना पडलेल्या बारीक चिरांचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं. स्नायू ताणला जात असताना जोर लावतो तेव्हा या चिरा जास्त पडतात, म्हणूनच टेकडी चढून नव्हे, उतरून मांड्या जास्त दुखतात. मी उतार अजूनही चालतच उतरते.

गोळ्या चालू झाल्यावर पाचव्या आठवड्यात मला वाटलं की आता सुटले. श्वास जमला होता, काकांशी पालिकेच्या पाण्यापासून भाच्याच्या लग्नापर्यंत सगळं बोलून होत होतं. एका रविवारी मी सलग पंचवीस मिनिटं पळाले. मंगळवारी डाव्या नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दाबला की कळ यायला लागली.

नवशिक्यांची इथेच गफलत होते. हृदय आणि रक्त आठवड्यांत बदलतात, हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारे दोर, महिन्यांत. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन-अडीच पट बल पायावर येतं. ६८ किलोच्या बाईच्या एका पायावर दीडशे किलोच्या आसपास, आणि दहा मिनिटांत प्रत्येक पायावर आठशेएक वेळा. या भाराला हाड उत्तर देतं, पण त्याची पद्धत वेगळी. आधी हाड खाणाऱ्या पेशी येतात आणि जुना भाग कोरून काढतात. मागून हाड घडवणाऱ्या पेशी येऊन तो भरतात. कोरायला काही आठवडे, भरायला काही महिने. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं, आपल्याकडे पाइपलाइनसाठी खणलेला रस्ता डांबर पडेपर्यंत असतो तसं. श्वास जमला म्हणून नेमकं तेव्हाच वाढवलं, तर नडगीला सूज येते, आणि तरीही रेटलं तर हाडाला तडा जातो.

कंडरेचं तर याहून अवघड. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि नंतर घटत गेला. शरीरातला कोणता भाग कधी घडला हे त्यावरून ओळखता येतं. त्या मोजणीत दिसलं की टाचेमागच्या जाड कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. चाळिशीत आपण पळतो ते शाळेत असताना घडलेल्या दोरांवर. नियमित भाराने ते थोडे ताठ आणि मजबूत होतात, पण सावकाश.

मी तीन आठवडे फक्त चालले. कळ पूर्ण थांबल्यावर पुन्हा एक मिनिट, दोन मिनिटांपासून.

"गुडघे जातील हां" असं मला सोसायटीत किमान सहा जणांनी सांगितलं. त्यांना काळजी असते, म्हणून उत्तर नीट द्यावं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी पळणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज ३.५ टक्के जणांत आढळली, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत १३.३ टक्के. ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं आधीच सोडतात, त्यामुळे हे आकडे थोडे पळणाऱ्यांच्या बाजूने झुकलेले असणार. तरी हौशी पळण्याने गुडघे जातात असं म्हणायला त्यात आधार नाही.

बूट पायाला पहिल्या क्षणापासून आरामशीर वाटले की पुरे. हवेचं मात्र बघावं लागतं. थंडीत पहाटे जमिनीलगतची गार हवा वर उठत नाही, आणि वाहनांचा, पालापाचोळा जाळल्याचा धूर तिच्यात अडकून राहतो. टेकडीवरून खाली पाहिलं की तो करडा थर दिसतो. डिसेंबर-जानेवारीत मी ऊन वर आल्यावर निघते आणि रस्त्यावर न पळता वरच्या वाटेवरच पळते. पावसाळ्यात हवा गार वाटते, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंग तापतं, तेव्हा वेग आपोआप कमी ठेवावा लागतो.

सध्या माझं पाच मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं चालू आहे, असे चार फेरे. हिमोग्लोबिन १२.१ झालंय. रोज निघण्याआधी पायरीवर बसून डाव्या नडगीवर अंगठा दाबून बघते. काका म्हणतात, सहा मिनिटं कराच आता. मी त्यांना सांगितलंय, अजून दोन आठवडे.