दोन जहाजांमधलं पन्नास मीटर पाणी

ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘कोंकण’ हा भारत-ब्रिटन नौदल सराव झाला. आपली विक्रांत आणि त्यांची प्रिन्स ऑफ वेल्स, अशा दोन विमानवाहू नौका त्यात उतरल्या होत्या. फोटो भराभर फिरले आणि त्यांच्या पाठोपाठ एक जुना समजही फिरला, की अशी एक नौका हाताशी असली की तो देश जगाच्या पाठीवर कुठेही जाऊन महिनोन्‌महिने लढू शकतो. हा समज चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हे समजून घ्यायचं तर विमानवाहू नौकेकडे बघून उपयोग नाही, तिच्या शेजारून चालणाऱ्या टँकरकडे बघायला हवं.

आजचं ब्रिटिश नौदल एकट्याच्या बळावर 1982 सारखी दूरची मोहीम पुन्हा काढू शकेल का, हा मूळ प्रश्न. आधी त्या सालचं उदाहरण घेऊ. 2 एप्रिलला अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनची फॉकलंड बेटं घेतली. 5 एप्रिलला हर्मिस आणि इन्व्हिन्सिबल या ब्रिटिश विमानवाहू नौका पोर्ट्समाउथहून निघाल्या. पुढे सुमारे 8,000 मैलांचा प्रवास होता. यातली हर्मिस पुढे 1987 मध्ये आपली ‘विराट’ झाली. गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलं की नौदल गोदीत तिचा उंच राखाडी देह आणि पुढच्या टोकाचा वर वळलेला उतार दिसायचा. मी दरवेळी त्याच बाजूची जागा धरून बसायचो.

या मोहिमेला एकूण 127 जहाजं लागली. त्यातल्या लढाऊ नौका होत्या 43. नौदलाच्या सहायक ताफ्याची जहाजं होती 22, आणि उरलेली 62 चक्क व्यापारी, भाड्याने घेतलेली किंवा सरकारने ताब्यात घेतलेली. म्हणजे एका लढाऊ नौकेमागे जवळजवळ दोन जहाजं इंधन, दारूगोळा, पाणी, माणसं आणि पीठ-बटाटे वाहत होती. निघताना माल इतक्या घाईत भरला होता की उतरल्याबरोबर लागणाऱ्या वस्तू तळाशी गेल्या होत्या. वाटेवरच्या असेन्शन बेटापाशी थांबून तो सगळा पुन्हा लावावा लागला.

इतकं इंधन का लागतं? पाण्यातून जहाज ढकलायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती आठपट लागते. प्रवासाला वेळ निम्मा लागतो, म्हणून तेवढ्याच अंतराला इंधन चौपट जळतं. लढाईत सावकाश चालून भागत नाही, म्हणून वाटेत पुनःपुन्हा टाकी भरावी लागते. आणि खोल समुद्रात नांगर टाकून थांबता येत नाही, त्यामुळे ती चालता चालताच भरावी लागते.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. टँकर ताशी साधारण 12 सागरी मैलांच्या वेगाने सरळ रेषेत चालतो. लढाऊ नौका मागून येते आणि पन्नासेक मीटरवर त्याच्या शेजारी, अगदी त्याच वेगाने चालू लागते. मग एका नौकेवरून दुसरीवर बंदुकीने बारीक दोरी मारतात. तिच्या मागून जाड दोर येतो, त्याच्या मागून पोलादी तार आणि तारेला लटकलेले तेलाचे जाड पाइप. दोन्ही नौका डोलत असतात, त्यामुळे तार क्षणात ढिली पडते, क्षणात ताणली जाते. ती तुटू नये म्हणून हायड्रॉलिक यंत्र सतत तार सोडत आणि ओढत असतं. दोन्ही नौकांच्या मध्ये रंगीत खुणांची आणखी एक दोरी ताणून धरलेली असते, अंतर नजरेने मोजायला.

आता मधल्या पाण्याकडे बघा. जहाज पुढे सरकतं तसं पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी मागे जातं. शेजारी दुसरं जहाज आलं की दोघांमधली वाट चिंचोळी होते आणि तिथून पाण्याला जास्त वेगाने निघावं लागतं. शाळेत बर्नुलीचं तत्त्व शिकलो ते इथे आठवा: प्रवाहाचा वेग वाढला की दाब कमी होतो. बाहेरच्या अंगाला दाब जास्त आणि आतल्या अंगाला कमी, त्यामुळे दोन्ही जहाजं एकमेकांकडे ढकलली जातात.

किती? ढोबळ हिशोब करू. ताशी 12 सागरी मैल म्हणजे सेकंदाला सुमारे 6.2 मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला 1,025 किलो धरली तर घनता गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, म्हणजे साधारण 19,500 पास्कल. समजा मधल्या पाण्याचा वेग फक्त 5 टक्क्यांनी वाढला. वेगाचा वर्ग सव्वादहा टक्क्यांनी वाढेल आणि दाब सुमारे 2,000 पास्कलने घटेल, म्हणजे दर चौरस मीटरला 200 किलो. जहाजाच्या मधल्या भागाचं पाण्याखालचं अंग 100 मीटर लांब आणि 6 मीटर खोल धरलं, तर एकूण बळ 120 टनांच्या आसपास जातं. फक्त 5 टक्के वेगवाढीत!

शिवाय हे बळ सगळीकडे सारखं नसतं. जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, आणि शेपटीपाशी दाब जास्त असतो, मध्ये कमी. त्यामुळे मागून येणाऱ्या नौकेची नाळ टँकरच्या शेपटीजवळ आली की आधी बाहेर ढकलली जाते आणि थोडं पुढे सरकलं की आत ओढली जाते. इथे सुकाणू जोरात बाहेर वळवायचा मोह होतो, आणि तोच घातक ठरतो. जहाज मोटारीसारखं वळत नाही. नाळ डावीकडे गेली की शेपूट उजवीकडे फिरते. घाबरून वळणाऱ्या नौकेची शेपूट थेट टँकरवर आदळू शकते. म्हणून दिशा एकेका अंशाने बदलायची. वेग फार कमी करूनही भागत नाही, कारण सुकाणूवरचं बळही वेगाच्या वर्गानेच घटतं. सप्टेंबर 1911 मध्ये ऑलिंपिक हे अवाढव्य प्रवासी जहाज आणि हॉक ही लढाऊ क्रूझर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत सोलंटच्या अरुंद पाण्यात शेजारून जाताना धडकली, तेव्हा या ओढीची चर्चा थेट न्यायालयात झाली होती.

    

आता मूळ प्रश्न. आजचं ब्रिटिश नौदल एकट्याच्या बळावर 1982 सारखी मोहीम काढू शकेल? विमानवाहू नौका 65,000 टनांच्या आहेत, हर्मिसच्या दुपटीहून मोठ्या. पण त्या अणुशक्तीवर चालत नाहीत, आणि चालल्या असत्या तरी विमानांचं इंधन, बॉम्ब आणि जेवण अणुभट्टीतून येत नाही. 1982 मध्ये विमानवाहू नौकेचं रक्षण करणाऱ्या विनाशिका आणि फ्रिगेट मिळून साठाच्या आसपास होत्या. आता पंधराही नाहीत. तेलासाठी टाइड वर्गाचे चार टँकर आहेत. दारूगोळा आणि सुटा माल देणारं मोठं जहाज मात्र एकच, फोर्ट व्हिक्टोरिया. ते 2021 च्या पॅसिफिक मोहिमेत सोबत होतं, 2025 च्या मोहिमेत नव्हतं. खलाशांअभावी ते धक्क्याला बांधून ठेवलेलं होतं. ऑगस्ट 2024 मध्ये सहायक ताफ्याच्या मुलकी खलाशांनी पगारासाठी संप केला. त्यांच्याशिवाय एकही पाइप जोडला जात नाही, ही गोष्ट फोटोंखालच्या कौतुकात कुणी लिहीत नाही.

क्षेपणास्त्रांचा पेच वेगळाच. ब्रिटनच्या टाइप 45 विनाशिकेच्या उभ्या नळ्यांमध्ये 48 क्षेपणास्त्रं मावतात. ती संपली की बंदर गाठावं लागतं, कारण जवळजवळ पाच मीटर लांबीचं क्षेपणास्त्र डोलत्या क्रेनने डोलत्या जहाजाच्या अरुंद नळीत उतरवणं फार अवघड. अमेरिकेने ऑक्टोबर 2024 मध्ये चोझिन या क्रूझरवर भर समुद्रात तसा प्रयोग करून दाखवला, पण तो अजून रोजच्या वापरातला नाही.

माझं मत असं की ब्रिटिश ताफा तिथवर पोचेल, पहिले काही दिवस लढेलही. मित्रदेशांच्या टँकरांशिवाय टिकणार नाही. 1982 मध्ये अटलांटिक कन्व्हेयर हे एकच मालवाहू जहाज 25 मे रोजी क्षेपणास्त्राने पेटलं, त्यावरची तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली आणि सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन दलदलीतून चालत जावं लागलं. तेव्हा ताफ्यात बदली जहाजं होती.

आपल्या नौदलाने ऑगस्ट 2023 मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डकडे सुमारे 44,000 टनांची पाच पुरवठा जहाजं बांधायला दिली. त्या बातमीला फोटो नव्हते, म्हणून ती फिरलीही नाही. मी मात्र ती दोनदा वाचली.