नळांतील संक्षुब्ध बुडबुडेयुक्त प्रवाहाचे संख्यात्मक प्रतिमानन

नळातून संक्षुब्ध (भोवऱ्यांनी घुसळलेल्या, अनियमित) अवस्थेत वाहणाऱ्या द्रवात वायू सुट्या बुडबुड्यांच्या रूपाने विखुरलेला असताना दोन्ही प्रावस्थांचे (द्रव व वायू यांचे) वेग, दाब आणि आडव्या छेदावरील वायूचे वाटप संगणकाने समीकरणे सोडवून काढण्याची पद्धती. अणुभट्ट्या, खनिज तेलाच्या विहिरी व रासायनिक संयंत्रे यांच्या अभिकल्पात ती उपयोगी पडते. उभ्या नळात वायूचा अंश साधारणपणे २५ ते ३० टक्क्यांच्या पुढे गेला की, बुडबुडे एकमेकांत मिसळून जवळजवळ नळाच्या रुंदीचे वायुगोळे तयार होतात. त्या अवस्थेस पुढील विवेचन लागू पडत नाही.

प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागाचा स्वतंत्र मागोवा घेणारे गणन मोजक्या बुडबुड्यांपुरतेच परवडते. त्यामुळे व्यवहारात द्विद्रायू प्रतिमान वापरतात. मामोरू इशिई यांनी १९७५ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली. यात द्रव व वायू हे दोन्ही प्रत्येक बिंदूपाशी आपापल्या अंशाने उपस्थित आहेत असे मानून प्रत्येकासाठी द्रव्यमान व संवेग यांची सरासरी समीकरणे लिहितात. सरासरी घेताना पृष्ठभागाचा तपशील हरवतो आणि तो दोन प्रावस्थांमधील प्रेरणांच्या सूत्रांतून पुन्हा भरावा लागतो. प्रतिमानाची विश्वासार्हता मुख्यतः या सूत्रांवर ठरते.

ओढीच्या प्रेरणेबद्दल (बुडबुड्याच्या गतीला द्रवाकडून होणाऱ्या विरोधाबद्दल) फारसा मतभेद नाही. तिच्यावरून बुडबुड्याचा द्रवसापेक्ष वेग ठरतो व काही मिलिमीटर व्यासाच्या हवेच्या बुडबुड्यासाठी पाण्यात तो सुमारे २० ते ३० सेंमी. प्रतिसेकंद असतो. वाद आहे तो आडव्या दिशेच्या प्रेरणांविषयी. सेरिझावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० मिमी. व्यासाच्या नळातील मापनांत, वर जाणाऱ्या प्रवाहातील वायू भिंतीलगत दाटल्याचे आढळले. याचे कारण उत्थापक प्रेरणा (बुडबुड्याला सापेक्ष वेगाच्या आडव्या दिशेने लोटणारी प्रेरणा) हे होय. वर जाणाऱ्या प्रवाहात बुडबुडा द्रवापेक्षा वेगाने जातो आणि वेगाच्या उताराने (मध्यापासून भिंतीकडे द्रवाचा वेग घटत गेल्याने) तो भिंतीकडे लोटला जातो. खाली जाणाऱ्या प्रवाहात बुडबुडा द्रवाच्या मागे पडतो, म्हणजे प्रवाहाच्या दिशेच्या तुलनेत सापेक्ष वेगाची दिशा उलटते, व तो मध्याकडे सरकतो. आदर्श, श्यानतारहित (अंतर्गत घर्षण नसलेल्या) द्रवातील गोल बुडबुड्यासाठी ऑटन यांनी (१९८७) या प्रेरणेचा गुणांक ०.५ काढला, परंतु मोठे व चपटे बुडबुडे वर जाणाऱ्या प्रवाहातही मध्याकडेच जातात, ही गोष्ट स्थिर धन गुणांकाने उलगडत नाही. तोमियामा व सहकाऱ्यांच्या २००२ मधील सूत्रात हा गुणांक बुडबुड्याच्या आकारमानाबरोबर घटतो आणि सामान्य तापमान व दाबाच्या हवा-पाणी प्रणालीत सुमारे ५.८ मिमी. व्यासाला त्याचे चिन्ह बदलते. हे प्रयोग ग्लिसरीन-पाणी विद्रावाच्या संथ, वेगाचा उतार एकसारखा असलेल्या प्रवाहात एकेकट्या बुडबुड्यावर झाले होते. संक्षुब्ध पाण्याला ते लावणे हा विस्तारच होय. तरीही रोसेनडॉर्फ (जर्मनी) येथील तारजाळी संवेदकांनी (नळाच्या छेदात ताणलेल्या तारांच्या जाळीने वायूचे वाटप मोजणाऱ्या साधनांनी) उभ्या नळांत लहान बुडबुडे कडेला व मोठे मध्यभागी असल्याचे टिपले असल्याने हे सूत्र अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या जोडीला भिंतीपासून दूर ढकलणारी प्रेरणा (अँटल, लाही व फ्लाहर्टी, १९९१) आणि संक्षोभामुळे होणारे विसरण (बुडबुड्यांचे पसरणे) जमेस धरावे लागते. अन्यथा वायूचे शिखर प्रत्यक्ष भिंतीवरच येते.

द्रवातील संक्षोभासाठी बहुधा एकप्रावस्था प्रवाहाचीच द्विसमीकरणी (संक्षोभाचे वर्णन दोन समीकरणांनी करणारी) प्रतिमाने घेतात व त्यांत बुडबुड्यांमुळे वाढणारी श्यानता सातो यांच्या सूत्राने मिळवतात. ही वाढ बुडबुड्याचा व्यास, वायूचा अंश आणि सापेक्ष वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. मात्र द्रवाचा वेग जास्त व वायू थोडा असताना बुडबुडे संक्षोभ कमी करतात, असेही मापनांत दिसले आहे, आणि केवळ श्यानता वाढवणाऱ्या पदातून हा परिणाम थेट साधत नाही. बुडबुड्यांच्या मागील प्रवाहातून निघणारी ऊर्जा संक्षोभाच्या समीकरणांत उद्गमपद (ऊर्जेची भर दाखवणारे पद) म्हणून घालणे हा मार्ग त्यामुळे तत्त्वतः अधिक सयुक्तिक आहे.

बुडबुडे फुटणे व एकमेकांत मिसळणे यांचा हिशेब व्यासाचे गट पाडून, प्रत्येक गटाच्या संख्येच्या समतोल समीकरणाने ठेवतात. उत्थापक प्रेरणेचे चिन्ह व्यासावर अवलंबून असल्याने लहान व मोठ्या गटांना वेगळे वेग द्यावे लागतात.