होम थिएटरचा पडदा : प्रोजेक्टर की मोठा टीव्ही

घरात सिनेमागृहासारखे चित्र पाहायचे तर साधने दोन : स्वतः उजेड देणारा टीव्ही आणि पडद्यावर उजेड फेकणारा प्रोजेक्टर. ५५ ते ८५ इंचांपर्यंत टीव्हीला फारसा प्रतिस्पर्धी नाही. ९८-१०० इंची टीव्हीही आता मिळतात. १०० ते १५० इंच हा मात्र अजून बहुतांशी प्रोजेक्टरचाच प्रांत आहे. खरेदी करताना लोक आधी इंच आणि किंमत पाहतात. खरे तर पहिला प्रश्न खोलीतल्या उजेडाचा, दुसरा बसण्याच्या अंतराचा, आणि पैशांचा त्यानंतर.

काळा रंग आणि खोलीतला उजेड

प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. चित्रात जिथे काळे हवे तिथे तो जमेल तितका कमी उजेड टाकतो, बाकी काम खोलीतल्या अंधाराने करायचे असते. पडदा पांढरा असतो. ट्यूब लावल्यावर तो जितका पांढरट दिसतो, तितकाच त्या खोलीतला सर्वांत गडद काळा.

हिशोब करून पाहण्यासारखा आहे. १६:९ प्रमाणाचा १०० इंची पडदा २२१ सेंमी रुंद व साधारण १२५ सेंमी उंच असतो, म्हणजे सुमारे २.७५ चौरस मीटर. डिजिटल सिनेमागृहात पडद्याची तेजस्विता ४८ निट (निट हे तेजस्वितेचे एकक) धरतात. साध्या पांढऱ्या, गेन १ असलेल्या, म्हणजे उजेड सर्व दिशांना सारखा परतवणाऱ्या १०० इंची पडद्यावर तेवढी गाठायला सुमारे ४१५ ल्युमेन (यंत्राने फेकलेला एकूण उजेड) पुरतात. पण खोलीत दिवा चालू असून पडद्यावर १०० लक्स (दर चौरस मीटरला १०० ल्युमेन) उजेड पडत असेल, तर त्या दिव्याचेच २७५ ल्युमेन पडद्यावर आलेले असतात आणि पडदा ३२ निटने उजळलेला असतो. मग काळे ३२ निट, पांढरे ८०. दोन्हींचे गुणोत्तर जेमतेम अडीच. रात्रीचा प्रसंग असेल तर पडद्यावर राखाडी धुके दिसते आणि संवादांवरून कोण कुठे उभे आहे ते ओळखावे लागते. दिवा बंद करून तोच उजेड १ लक्सवर आणला तर गुणोत्तर दीडशेच्या घरात जाते. हा सगळा फरक दिव्याच्या बटणाचा आहे, प्रोजेक्टर तोच. जत्रेतल्या तंबू टॉकीजचा खेळ अंधार पडल्यावरच का सुरू होई, त्याचे कारण हेच.

टीव्हीचा पृष्ठभाग मुळात काळा असतो. बाहेरून आलेला बहुतेक उजेड तो गिळतो, शिवाय त्याची स्वतःची तेजस्विता काही शे निटपासून हजाराच्या पुढे जाते. म्हणून दुपारची क्रिकेटची मॅच, संध्याकाळच्या मालिका आणि रविवारचा सिनेमा एकाच हॉलमध्ये पाहायचा असेल तर टीव्हीच घ्यावा. रोज पाहायला टीव्ही आणि रात्री उतरवायला पडदा, अशी जोडीही अनेक घरांत नांदते. खर्च दुप्पट होतो, पण तडजोड कुठेच होत नाही.

प्रोजेक्टरसाठी खिडकीला नुसता गडद पडदा पुरत नाही. उजेड वरच्या दांड्यापाशी आणि दोन्ही कडांनी झिरपतो, म्हणून ब्लॅकआउट कापड चौकटीच्या चारही बाजूंनी १५-२० सेंमी बाहेर न्यावे. आणखी एक चूक सर्रास होते : पांढऱ्या भिंती. पडद्यावरचा उजेड छतावर आणि बाजूच्या भिंतींवर आदळून पुन्हा पडद्यावर येतो आणि काळे धुऊन टाकतो. पडद्याजवळचे एक-दीड मीटर छत आणि भिंती गडद मॅट रंगाने रंगवल्या तर जो फायदा होतो, तो महागड्या प्रोजेक्टरनेही होत नाही. चकचकीत रंग मात्र कुठलाही नको.

आकार आणि अंतर

चित्राने नजरेचा ३० ते ४० अंशांचा कोन व्यापावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. व्यवहारात तो सोपा आहे : डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर कर्णाच्या १.२ ते १.६ पट. सोफा ९ फुटांवर, म्हणजे १०८ इंचांवर असेल तर ६८ ते ९० इंच योग्य. इथे ७५ किंवा ८५ इंची टीव्ही बसतो, प्रोजेक्टरची गरजच नाही. १२ फुटांवर तेच गणित ९० ते १२० इंच सांगते. अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नये. पाठ टेकून बसल्यावर डोळे जिथे असतात तिथून मोजावे. सोफ्याची खोली आणि टीव्ही युनिटची जाडी धरली की १२ फुटांचे ९ फूट सहज होतात.

इंच कर्णाचे असतात, पण डोळ्यांना क्षेत्रफळ जाणवते. ८५ वरून १२० इंचांवर गेले की चित्र दुप्पट होते. शिवाय आपले बहुतेक मोठे चित्रपट २.३९:१ या स्कोप प्रमाणात असतात. १६:९ च्या पडद्यावर त्यांना वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चौथा हिस्सा उंची जाते. ८५ इंची टीव्ही १०६ सेंमी उंच असतो, त्यावर स्कोप चित्रपट ७९ सेंमीच उंच दिसतो. मुख्यतः सिनेमे पाहणाऱ्याने आकार ठरवताना ही उंची डोळ्यांसमोर ठेवावी.

प्रोजेक्टर निवडताना

बाजारात तीन तंत्रे आहेत. डीएलपीमध्ये सूक्ष्म आरसे असतात. हे आरशांचे उपकरण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये तयार केले. एकच चिप असलेल्या यंत्रात रंग एकामागून एक येतात, त्यामुळे नजर झटकन फिरवली की काहींना इंद्रधनुषी रेषा दिसतात. सर्वांना दिसत नाहीत, म्हणून घरातल्या सगळ्यांनी विकत घेण्याआधी काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी श्रेयनामावली पाहावी. तीन रंगांसाठी तीन पॅनेल असलेल्या थ्री-एलसीडीत हा दोष नाही, रंगही भरपूर उजळ येतात. एलकॉस, म्हणजे जेव्हीसीचे डी-आयएलए आणि सोनीचे एसएक्सआरडी, काळ्या रंगात सर्वांत पुढे आणि किमतीतही. 'फोर-के' लिहिलेल्या बऱ्याच डीएलपी यंत्रांत आरसे फुल एचडीइतकेच असतात. चित्र चार वेळा किंचित सरकवून फोर-केचे ठिपके भरले जातात. ही फसवणूक नव्हे, तीन मीटरवरून ते उत्तम दिसते. फसवणूक असते ती 'फोर-के सपोर्ट' या शब्दांत : यंत्र फोर-के फाइल स्वीकारते आणि ७२० किंवा १०८० ओळींत दाखवते. 'नेटिव्ह रिझोल्यूशन' असे लिहिलेला आकडाच खरा.

ल्युमेनचेही तसेच. आकड्यापुढे 'अँसी' किंवा 'आयएसओ' या मोजणीच्या मानकाचे नाव हवे. नुसते '९००० ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. तसल्या स्वस्त यंत्राचे खरे ल्युमेन बरेचदा काही शेच भरतात. खरा आकडाही सर्वांत उजळ, हिरवट मोडमधला असतो. सिनेमा मोडमध्ये तो निम्म्यापर्यंत उतरू शकतो, आणि यंत्रातला दिवा जुना होताना आणखी कमी होतो. म्हणून १०० इंचांना ४१५ ल्युमेन पुरत असले तरी अंधाऱ्या खोलीसाठी १५०० ते २००० अँसी ल्युमेनचे यंत्र घ्यावे. या दिव्याचे आयुष्य साधारण ३००० ते ५००० तास, त्याच्या जागी लेझर असेल तर सुमारे २०,००० तास. रोज चार तास वापर असेल तर लेझर तेरा वर्षांहून अधिक पुरतो. त्या आधी दुसरेच काही बिघडते, हा भाग वेगळा.

जागेचे गणित थ्रो रेशोवर चालते : भिंगापासून पडद्याचे अंतर भागिले पडद्याची रुंदी. रेशो १.५ असेल तर १०० इंची चित्राला २२१ गुणिले १.५, म्हणजे ३३२ सेंमी, जवळजवळ ११ फूट लागतात. तेही भिंगापासून. मागे यंत्राची ३० सेंमी लांबी, केबलचे डोके आणि गरम हवा जायला मोकळी जागा, म्हणजे आणखी दीड-दोन फूट. ११ फुटी बेडरूममध्ये हे यंत्र बसत नाही, आणि ते बहुधा खोके उघडल्यावरच कळते.

मग येतो छताचा पंखा. हॉलच्या मध्यभागी १२०० मिमीचा पंखा, त्याची पाती छताखाली फूटभर, आणि पंख्याच्या मागे छताला टांगलेला प्रोजेक्टर. अशा वेळी प्रकाशाची वरची कड पात्यांत शिरते आणि चित्राच्या वरच्या भागात सावली फडफडत राहते. टांगण्यापूर्वी भिंगाच्या नियोजित जागेपासून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून पाहावी. ती पात्याला किंवा झुंबराला लागली तर तीन वाटा आहेत. दांडा लांब घेऊन यंत्र पात्यांच्या खाली आणावे, कमी रेशोचे यंत्र पंख्याच्या पुढे लावावे, किंवा लेन्स शिफ्ट असलेले यंत्र मागच्या भिंतीवर शेल्फवर ठेवावे. लेन्स शिफ्टने भिंग सरकते आणि चित्र शाबूत राहते. कीस्टोनने मात्र चित्र आकुंचित करून सरळ केले जाते, त्यात ठिपके वाया जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. कीस्टोन शून्यावर ठेवून चित्र चौकोनी येत नसेल तर यंत्राची जागा चुकली आहे. ब्रॅकेट स्लॅबमध्येच रोवावा. जिप्समच्या फॉल्स सीलिंगला धरलेले यंत्र पंखा चालू झाला की थरथरते.

अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर, ज्याला 'लेझर टीव्ही' म्हणून विकतात, तो भिंतीला जवळजवळ चिकटून बसतो, म्हणून पंख्याचा प्रश्न मिटतो. पण त्याचा प्रकाश खालून तिरपा येतो. पुट्टीचा एखादा उंचवटा, उतरवायच्या पडद्याची एखादी लाट, लगेच चित्र वाकलेले दिसते. त्याला ताणलेल्या चौकटीचा, वरचा उजेड अडवणारा खास पडदाच लागतो आणि त्याची किंमत आधीच धरावी लागते. साध्या प्रोजेक्टरसाठी गेन १ चा मॅट पांढरा, काळ्या मखमली किनारीचा चौकटबंद पडदा सर्वांत निर्धोक. सुरुवातीला सपाट भिंतीवर मॅट पांढरा रंगही चालतो.

टीव्ही निवडताना

ओएलईडीत प्रत्येक ठिपका वेगळा विझतो, म्हणून अंधारात त्याच्यासारखे काळे दुसरे कुठलेही नाही. धोका एकच : स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटणे. दिवसभर मराठी वृत्तवाहिनी चालणाऱ्या घरात, खालची लाल पट्टी आणि कोपऱ्यातले बोधचिन्ह पाहता, मिनी-एलईडी (मागून अनेक छोट्या एलईडींनी उजळणारा एलसीडी) घेतलेला बरा. एलसीडी संचात पॅनेल व्हीए आहे की आयपीएस हे विचारावे. व्हीएचे पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर साधारण ३००० ते ५०००, आयपीएसचे सुमारे १०००. पण व्हीए बाजूने पाहिला की फिका पडतो. कोणी सोफ्यावर, कोणी सतरंजीवर, कोणी जेवणाच्या टेबलावरून पाहणार असेल तर हा दोष रोज खुपतो. दुकानातले भडक रंग शोरूम मोडचे असतात. विक्रेत्याला सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावायला सांगून एखादा अंधारा प्रसंग पाहावा. घरी आल्यावर मोशन स्मूदिंग, म्हणजे मधली चित्रे भरून हालचाल सलग करणारी सोय, बंद करावे, नाहीतर चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.

मोठ्या टीव्हीची पहिली परीक्षा इमारतीच्या दारात होते. ८५ इंची संचच १८८ सेंमी लांब, खोके त्याहून मोठे, आणि ते उभेच न्यावे लागते. आडवे ठेवले तर पॅनेल तडकू शकते. लिफ्टचा कर्ण आणि जिन्याचे वळण ऑर्डर देण्याआधी मोजावे. ९८ इंची खोके बहुतेक रहिवासी लिफ्टमध्ये जात नाही.

८५ इंची संचाचे वजन ३०-४५ किलो भरते. वीट किंवा आरसीसी भिंतीला नेहमीचे अँकर चालतात. नव्या इमारतींतल्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या भिंतीत ते फिरतात आणि महिन्याभरात सैल होतात. तिथे त्या ठोकळ्यांसाठीचे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर लागतो. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल मारू नये, वायरिंगचा पाइप तिथूनच जातो. चित्राचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर ठेवावा. बहुतेक घरांत टीव्ही याहून फूटभर वर लागलेला असतो आणि तासाभरात मान अवघडते.

केबल, वीज, पावसाळा

प्रोजेक्टरपर्यंतची एचडीएमआय केबल बहुधा ८-१० मीटर होते. साधी तांब्याची केबल पाच मीटरच्या पुढे फोर-केला दगा देते : चित्र मधूनच जाते, ठिणग्यांसारखे ठिपके दिसतात. तिथे फायबरची केबल घ्यावी. तिला दिशा असते, एक टोक स्रोताकडचे व दुसरे पडद्याकडचे. उलटी लावली तर चित्र येतच नाही आणि दोष प्रोजेक्टरला दिला जातो. भिंतीत पाइप टाकताना इलेक्ट्रिशियनचा नेहमीचा २५ मिमीचा नको, त्यातून केबलचे डोके सहसा जात नाही. ४० मिमीचा टाकून त्यात ओढतार सोडून ठेवावी.

मोठ्या चित्राला टीव्हीचा मागच्या दिशेने जाणारा आवाज शोभत नाही. निदान ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलने बाहेर नेणारी सोय) असलेला साउंडबार हवा. प्रोजेक्टरला तर आवाजाची सोय वेगळी करावीच लागते, आणि तो खर्च अनेकदा हिशोबातून निसटतो. कराच्या बाबतीत दोन्हींत फरक नाही : २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि प्रोजेक्टर दोन्हींवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी आहे.

दिव्याचा प्रोजेक्टर चालू असताना वीज गेली की यंत्रातला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा आतच कोंडतो. वारंवार असे झाले तर दिवा लवकर जातो. प्रोजेक्टर ३०० वॉटच्या आसपास असल्याने १००० व्हीएचा यूपीएस यंत्र नीट बंद होईपर्यंत पुरतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात भिंगावर व गुंडाळलेल्या पडद्यावर बुरशी येते. यंत्र आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालवावे आणि पडदा उघडा ठेवून वाळू द्यावा. देशावर त्रास धुळीचा असतो. फिल्टर महिन्यातून एकदा काढून झटकावा. तरी अंधाऱ्या प्रसंगात एकाच जागी अस्पष्ट डाग दिसत राहिला तर धूळ पॅनेलवर बसली आहे. तो डाग भिंग पुसून जात नाही, यंत्र सर्व्हिस सेंटरमध्ये उघडावे लागते.