ड्यूटी-फ्री म्हणजे निम्म्या किमतीत?

अमेरिकेतली आपली मंडळी कॅरिबियन क्रूझला निघाली की एक सल्ला हमखास फिरतो: "सेंट थॉमसला दागिने, घड्याळं घ्या. ड्यूटी-फ्री असल्यामुळे निम्म्या किमतीत मिळतात, घरी आल्यावरही कर नाही."

शब्दच असा आहे की हा समज होणं साहजिक. पण ड्यूटी-फ्रीचा अर्थ इतकाच, की माल सेंट थॉमस या अमेरिकेच्याच कॅरिबियन बेटावर आणताना दुकानदाराला आयातकर पडला नाही. ती बचत तो तुम्हाला किती देईल, हे त्याच्यावर. घरी परतताना सूटही मर्यादित: अमेरिकेच्या रहिवाशाला या बेटावरून माणशी १,६०० डॉलरपर्यंत, इतर बहुतेक देशांतून ८०० डॉलरपर्यंत. त्यापुढे कर लागू शकतो.

टांझानाइटचंच बघा. कॅरिबियन बंदरांत हा निळा खडा जागोजागी दिसतो, पण तो सापडतो फक्त टांझानियात. म्हणजे तो इथं 'खाणीच्या भावात' मिळण्याचं कारणच नाही. शेजारच्या सेंट क्रॉई बेटाची रम मात्र खरोखर तिथलीच, ती जरूर आणा.

पडताळणी सोपी आहे. निघण्यापूर्वी घड्याळाचा मॉडेल नंबर आणि घरच्या दुकानातला भाव मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दागिन्याचं वजन आणि कॅरेट बिलावर लिहून मागा. जहाजावर वाटलेल्या नकाशातली दुकानं बहुधा जाहिरातीचे पैसे भरून आलेली असतात, म्हणून दोन गल्ल्या आतही विचारा.